बरणीतला गाळ

ब्लोअरचा आवाज देवरावला आता ऐकू येत नसे. अकरा वर्षं तो भिंतीपलीकडं घुमत होता, आणि सवयीनं माणूस कशालाही बहिरा होतो. तो बंद पडला तरच देवराव दचकून उठायचा.

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनच्या मागं, जुन्या भाताच्या गिरणीच्या जागेवर सात मजल्यांची सोसायटी झाली होती. एकशे साठ घरं. त्या सगळ्यांच्या न्हाणीचं आणि संडासाचं पाणी तळघरातल्या टाक्यांत उतरायचं. तिथं ब्लोअर त्यात खालून हवा सोडायचा, हवेवर जगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्यातली घाण खायचे, आणि निवळलेलं पाणी पुन्हा वर संडासांच्या टाक्यांत आणि बागेला जायचं. हा प्लँट देवरावच्या हातात होता. देवराव मूळचा भोकरकडचा. गावात दोन एकर मुरमाड होतं, ते भावाकडं. इथं प्लँटच्या भिंतीला लागून दहा बाय बाराची खोली मिळाली होती. नोकरी होती तोवर खोली होती.

प्लँट चालू करून देणारा इंजिनियर जाताना एवढंच सांगून गेला होता, की हिरवी बत्ती म्हणजे चालू, लाल लागली की फोन कर. बाकीचं देवराव आपलं आपण शिकला. रोज सकाळी तो हवेच्या टाकीतलं पाणी एका काचेच्या बरणीत भरायचा, बरणी कट्ट्यावर ठेवायचा आणि अर्धा तास तिच्यासमोर बसायचा. बरणी लोणच्याची होती, झाकण हरवलं म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी टाकायला दिलेली. तिच्यावर त्यानं चिकटपट्टीच्या रेघा मारल्या होत्या. प्लँट धड असला की तपकिरी गाळ हळूहळू खाली बसायचा, दुसऱ्या रेघेवर येऊन थांबायचा आणि वर नितळ पाणी राहायचं. मग तो बरणीला नाक लावायचा. नांगरून पडलेल्या काळ्या रानाचा वास यायचा. तो वास आला की त्याचा दिवस मार्गी लागायचा.

हे त्याच्या बायकोला, पंचफुलाला, कधी पटलं नाही. ती सोसायटीतल्या तीन घरी धुणंभांडी करायची. लिफ्टमध्ये बायका तिच्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या. एका घरी कामाला हात लावण्याआधी तिला कोपरापर्यंत साबण लावायला सांगत, कारण ती ‘खालून’ यायची. ती सकाळी एकदा आंघोळ करायची आणि वर जाण्याआधी पुन्हा एकदा. देवराव म्हणायचा, मातीचा वास आहे, त्यात लाजायचं काय.

“तुम्हाला मातीचा,” ती म्हणायची. “लोकायला गुवाचा.”



त्या वर्षी मार्चातच बोअर आटला. एप्रिलात दिवसाला सहा टँकर यायला लागले, तरी ते पाणी प्यायला आणि न्हायला कसंबसं पुरायचं. संडास आणि बाग सगळी प्लँटच्या पाण्यावर आली. अशातच सुमेधाचं जमायला लागलं. सुमेधा त्यांची एकुलती एक. चिक्कडपल्लीच्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. मुलगा प्रज्ञेश दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावर. दोघांची ओळख आधीची. आता त्याची आई भामाबाई रविवारी घर बघायला यायची होती. पंचफुलानं सोसायटीचा हॉल दोन तासांसाठी मागून पाहिला. सेक्रेटरी मुकुंदरावांनी अर्जाचा कागद न बघताच सांगितलं, हॉल फक्त राहणाऱ्यांसाठी आहे. अकरा वर्षं तिथंच राहत असलेली बाई बरं म्हणून खाली आली.

शनिवारी दुपारी देवराव आणि सुमेधा सुलतान बाजारात गेले, पाहुण्यांसाठी काही आणायला. पंचफुला एकटी होती. तिनं खोली पुसली, भिंतीवरच्या तसबिरी पुसल्या, चादर बदलली. मग दारात उभी राहून तिनं नाकानं श्वास घेतला. उन्हाळ्यात वास जरा जास्तच उठायचा. परक्या बाईला तो कसा लागेल ते तिला चांगलं माहीत होतं, अकरा वर्षं ती ते लिफ्टमध्ये बघत होती.

पिण्याच्या पाण्याचा हौद धुवायला आणलेलं ब्लीचिंग पावडरचं पंचवीस किलोचं पोतं सफाईच्या खोलीत होतं. तिनं ते ओढत प्लँटमध्ये आणलं. पदर तोंडाला बांधला, हवेच्या टाकीवरची जाळी सरकवली आणि घमेल्या-घमेल्यानं सगळं पोतं आत सोडलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, बोटं चरचरली. वीस-पंचवीस मिनिटांत फेस पांढरा पडला आणि वास बसला. तिला एवढं बरं वाटलं, की हे आधीच का सुचलं नाही, असं ती मनाशी म्हणाली.

संध्याकाळी देवरावनं नाक वर करून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, लादी धुतली ब्लीचिंगनं. उद्या पाहुणे येणार, लादी धुवायचीच. 

रविवारी भामाबाई आल्या. गोऱ्यापान, ठेंगण्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. जयभीम झाला, पोहे झाले, प्रज्ञेशनं मोबाईल खिशात ठेवून मोठ्यांशी नीट बोलून घेतलं. भिंतीपलीकडं ब्लोअर घुमत होता. भामाबाईंनी विचारलं, हा कशाचा आवाज, आणि देवरावनं मोठ्या हौसेनं सगळा प्लँट समजावून सांगितला. पंचफुलाचा जीव टांगणीला लागला, पण भामाबाई शांतपणे ऐकत होत्या. चहाचा कप घेताना त्यांची नजर पंचफुलाच्या बोटांवर गेली. कातडी पांढरी पडून सोलली होती. त्यांनी चहा संपवला. निघताना म्हणाल्या, कळवतो.

“वास म्हणून आला नाही बगा,” पाहुणे गेल्यावर पंचफुला म्हणाली. देवरावनं तिला इतकं खुश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पाहुण्यांच्या गडबडीत त्या सकाळी त्यानं बरणी भरली नव्हती.

सोमवारी भरली. अर्धा तास झाला, गाळ बसेना. पाऊण तास झाला. भांडं विसळलेल्या पाण्यासारखं सगळं राखाडी, गढूळ, तळाला बोटभर काहीतरी पातळ. त्यानं नाक लावलं. मातीचा वास नव्हता. त्यानं टाकीवर जाऊन बघितलं, बुडबुडे सगळीकडून सारखे वर येत होते. पॅनेलवर हिरवी बत्ती. ब्लोअरच्या अंगावर हात ठेवला, रोजच्याएवढाच गरम. सगळं होतं तसं होतं आणि आतलं मेलं होतं. 

त्यानं मुकुंदरावांना बोलावलं. मुकुंदराव वीजखात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, परभणीकडच्या जमीनदार घरातले, आजोबांच्या वेळेपासून हैदराबादेत. माणूस वाईट नव्हता. पण प्लँटच्या जिन्यावर तो तिसऱ्या पायरीखाली कधी उतरला नव्हता. तिसऱ्या पायरीवरून, नाकाला रुमाल लावून, पॅनेल दिसायचं आणि तेवढं त्याला पुरायचं.

“बत्ती हिरवी आहे की, देवराव.”

“हाय सायेब. पर आतलं मेलंय.”

“मोटर चालायलीये. अँपिअर कालच्याएवढेच आहेत. मग मेलंय काय?”

“मोटर चालायलीय,” देवराव म्हणाला. “काम होईना गेलंय.”

त्यानं बरणी उचलून दाखवली. मुकुंदरावांनी ती लांबूनच बघितली आणि सांगितलं, की आकडा एक सांगत असेल आणि लोणच्याची बरणी दुसरं, तर आपण आकड्यावर चालायचं. मग टँकर आला म्हणून ते वर गेले.

मंगळवारी सुमेधा एका छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी लॅबमध्ये घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी तिनं असंच नेलं होतं आणि सूक्ष्मदर्शकाखालचा व्हिडिओ काढून वडिलांना दाखवला होता. घंटेच्या आकाराचे, देठावर डोलणारे, इकडून तिकडं पळणारे असंख्य जीव. देवराव तो व्हिडिओ येईल त्याला दाखवायचा. आज तिनं आणलेल्या व्हिडिओत एक राखाडी ठिपका होता आणि तो तसाच होता.

“बाबा, काहीच मूव्ह होत नाहीये,” ती म्हणाली. “मी चार ड्रॉप बघितले. टोटल डेड.”

“कशानं मरतंय हे?”

“ॲसिड, फिनाईल, ब्लीचिंग. एकदम जास्त पडलं ना, तर सगळं जातं.”

पंचफुला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. परातीत पीठ होतं आणि पिठात तिची सोललेली बोटं. देवराव म्हणत होता, वरच्या एखाद्या घरानं काही ओतलं असेल, पण एका घरानं एवढं होईना. तिनं भाकरी तव्यावर टाकली. बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी जाईल, खोली जाईल, भामाबाईंचा निरोप अजून यायचा आहे, हे सगळं एकदमच तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिनं तोंड मिटून घेतलं. भाकरी एका बाजूनं करपली.

गुरुवारी वास सुटला. हा निराळा, सडक्या अंड्याचा, घशाला धरणारा. संडासांत काळं पाणी यायला लागलं. लोक मुकुंदरावांच्या दारात जमले. काहींनी घरं दोन दिवस बंद करून नातेवाईक गाठले. पंचफुलाला दोन घरांनी कामाला येऊ नको म्हणून सांगितलं, कारण काही न देता. शुक्रवारी मुकुंदराव पायरीवर आले. त्यांनी रात्रभर विचार करून निदान काढलं होतं. टाकीच्या तळाला हवेचे पाइप आहेत, ते चोंदले. ब्लोअर बंद करायचा, टाकी अर्धी उपसायची, खाली उतरून पाइप खरवडायचे. दहा मिनिटांचं काम.

देवराव म्हणाला, बुडबुडे सारखे येतात, पाइप चोंदले असते तर एका बाजूनं आले असते. मुकुंदराव म्हणाले, बुडबुडे वरून दिसतात, तळाचं उतरल्याशिवाय कळत नाही. तूच उतर, तुला माहिती आहे.

देवरावनं मान हलवली. त्याच्या गावचा दत्तोबा, त्याच्याच वयाचा, शहरातल्या एका गटारात असाच दहा मिनिटांसाठी उतरला होता. त्याला दोरानं वर काढलं तेव्हा त्याच्या तोंडात गाळ होता. तो देवरावनं आपल्या बोटांनी काढला होता.

“म्या खाली उतरणार नाही, सायेब. दुसरं काही बी सांगा.”

“मग उतरणारे मिळतात,” मुकुंदराव म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. “आणि खोली काम करणाऱ्या माणसासाठी आहे, एवढं ध्यानात ठेव.”

शनिवारी सकाळी मजूर अड्ड्यावरून दोन माणसं आली. एक पंचेचाळिशीचा, एक त्याहून लहान, दोघंही महबूबनगरकडचे. हातात दोर आणि एक लोखंडी खरवडणी, बाकी काही नाही. देवरावला ब्लोअर बंद करायला लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तळघर एवढं गप्प झालं. पंपानं टाकी अर्धी उपसली. वास असा उठला की वरच्या जिन्यावरची माणसं मागं सरली. पंचेचाळिशीच्या माणसानं शर्ट काढून घडी घालून कट्ट्यावर, बरणीशेजारी ठेवला आणि दोर कमरेला गुंडाळायला लागला.

देवराव टाकीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. येत होती तेवढ्या तेलुगूत त्यानं माणसाला सांगितलं, आत वारं नाही, जीव जाईल. माणसानं मुकुंदरावांकडं बघितलं.

“अकरा वर्षं त्या टाकीत रात्रंदिवस हवा सोडतोय आपण,” मुकुंदराव तिसऱ्या पायरीवरून म्हणाले. “आत हवाच हवा असणार. बाजूला हो, देवराव.”

तेव्हा पंचफुला जिन्यानं खाली आली. मुकुंदरावांच्या शेजारून, त्यांना पदर लागू न देता, पायऱ्या उतरून सरळ टाकीपाशी. माणूस टाकीत उतरतोय हे ऐकून कुसुमताईंकडची भांडी अर्धी टाकून आली होती, हाताला अजून साबण होता.

“पायपाला काही झालं नाही सायेब,” ती म्हणाली. “म्या मारलंय ते. ब्लीचिंगचं पोतं टाकलं आत, गेल्या शनवारी. अख्खं. त्या माणसाला उतरवू नका.”

 मजुराला मराठी कळत नव्हती, पण बाईच्या तोंडाकडं बघून त्यानं दोराची गाठ सोडली. मुकुंदरावांनी विचारलं, का. तिनं खरं ते सांगितलं: पोरीला बघायला येणार होते, वास येत होता. सांगताना तिची मान खाली नव्हती. नंतर देवरावला तेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. तो तिच्याकडं बघत होता आणि त्याला राग, भीती आणि काहीतरी अभिमानासारखं, असं सगळं एकदम होत होतं.

माणूस उतरला नाही. त्यानं शर्ट घातला, अर्ध्या दिवसाची मजुरी मागितली आणि ती मिळाली.

दुपारी कमिटी बसली. पंचफुलानं यापुढं सोसायटीत पाऊल ठेवायचं नाही. खोली आठ दिवसांत रिकामी. देवराव मात्र प्लँट सुरू होईपर्यंत राहील, कारण दुसऱ्या कोणाला त्यातलं काही कळत नव्हतं. पोलिसांत जायचं का, असंही कोणीतरी काढलं, पण मुकुंदराव नको म्हणाले. टाकीत माणूस उतरवायला आणल्याची गोष्ट त्यात निघाली असती.

त्या दिवशी घरी देवराव तिच्यावर ओरडला नाही, पण जेवलाही नाही. शेवटी म्हणाला, मला एकदा विचारायचं होतंस.

“इचारलं असतं तर तुम्ही म्हणले असते, मातीचा वास हाय,” ती म्हणाली. आणि मग अकरा वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली. सुमेधा आईला धरून बसली. देवराव भिंतीला टेकून ऐकत राहिला. हिचं काय चाललंय ते आपण कधी बघितलंच नाही, ही गोष्ट त्याला फार लागली. ही रोज उठत होती, रांधत होती, कामाला जात होती, तेवढ्यावर सगळं ठीक आहे असं तोही धरून चालला होता.

स्टेशनच्या पलीकडच्या गल्लीत एक खोली मिळाली. सामान दोन खेपांत हललं. देवराव पहाटे चालत प्लँटवर यायचा आणि मेलेल्या टाकीशी झटायचा. आधी त्यानं सगळं पाणी बदललं. मग गवळीवाड्यातून शेण आणलं, बादल्या-बादल्या, उतारावरून खांद्यावर. शेण आणि गूळ पिंपात कालवून तो टाकीत सोडायचा, वर ब्लोअर चालू. एका दवाखान्याच्या प्लँटवर ओळखीचा माणूस होता, त्याच्याकडून जिवंत गाळाची दोन पिंपं मागून आणली. पिंपं उतरवताना त्याचा उजवा खांदा भरून आला आणि तो हात आठ दिवस डोक्याच्या वर जाईना. भामाबाईंचा निरोप आला नव्हता. सुमेधा म्हणाली, मी प्रज्ञेशला सगळं सांगितलंय, काही लपवलेलं नाही.  पंचफुला दिवसभर नव्या खोलीत बसून असायची.

बरणीत रोज गढूळ पाणी. शेण सोडायला लागल्यापासून अकराव्या दिवशी तळाला अंगठ्याएवढा गाळ दिसला. चौदाव्या दिवशी पहिली रेघ गाठली. पॅनेलवर या सगळ्या दिवसांत हिरवी बत्ती होती.

अठराव्या दिवशी मुकुंदराव आले. तिसऱ्या पायरीवर थांबले, मग चौथी उतरले, पाचवी, आणि कट्ट्यापाशी आले. बरणीकडं बघत उभे राहिले. किती वेळ लागतो, त्यांनी विचारलं. देवराव म्हणाला, अर्धा तास. मुकुंदराव बसले नाहीत, पण थांबले. जाताना म्हणाले, खोलीचं कमिटीपुढं पुन्हा काढू. देवरावनं बरणी विसळायला घेतली.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, त्यानं बरणी टॉवेलात गुंडाळली आणि छातीशी धरून घरी घेऊन गेला. चालताना हिंदकळून सगळं एक झालं होतं. त्यानं ती खिडकीत ठेवली आणि पंचफुलाला म्हणाला, बस, जरा थांबावं लागंल. तेवढ्यात दारात प्रज्ञेश आणि भामाबाई उभ्या.

पंचफुलाची धांदल उडाली. खोलीत धड बसायलाही काही नव्हतं. भामाबाई चटईवर बसल्या आणि पाणी मागून प्यायल्या. पंचफुलानं मग काहीच राखून ठेवलं नाही. पोतं, पाइप, तो दोर बांधणारा माणूस, खोली, सगळं.  

“बाई,” मग भामाबाई म्हणाल्या, “तीस वर्षं दवाखान्याच्या लाद्या धुतल्या म्या. ब्लीचिंगचा वास मला दाराच्या भाईरूनच आला होता. तुमची बोटं बगितली. घरी येऊन पोराला म्हणलं, आपण येणार म्हणून त्या माउलीनं हात जाळून घेतले.”

त्यांनी आपला हात पुढं केला. बोटांच्या पेरांवर रेघा उरल्या नव्हत्या, कातडी गुळगुळीत झाली होती.

“निरोप द्यायला उशीर झाला, कारण म्या इचार करत होते,” त्या म्हणाल्या. “पोरीचा नाही, पोरगी तवाच पसंत होती. आपल्याला किती दिवस हे असं धुवत बसायचं, त्याचा.”

पंचफुलानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. सुमेधानं चहा टाकला. 

देवराव खिडकीशी उभा होता. अर्धा तास झाला होता. गाळ दुसऱ्या रेघेवर बसला होता, तपकिरी, मऊ, आणि वरच्या पाण्यातून पलीकडची रेल्वेची भिंत दिसत होती. त्यानं बरणी चटईवर आणून ठेवली. पंचफुलाचा हात सवयीनं पदराकडं गेला, नाकापर्यंत आला आणि तिथं थांबला. मग तिनं पदर सोडला, वाकली आणि बरणीला नाक लावलं. बराच वेळ ती तशीच होती.

“नांगरलेलं रान हाय,” ती म्हणाली, आणि बरणी भामाबाईंकडं सरकवली.